सत्तेचाळीसच्या तीन चिठ्ठ्या

विरूपाक्षअप्पा हलकुडे यांची आणि माझी ओळख माझ्या फजितीनं झाली. नांदेडच्या तंत्रनिकेतनात मी अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले, त्याला आता तीस वर्षं होतील. पदवी नवी, साडी नवी आणि आवाज गरजेपेक्षा मोठा. पहिल्याच आठवड्यात इंजिनच्या प्रयोगशाळेत मी फळ्यावर कम्प्रेशन रेशोचं सूत्र लिहिलं. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी हवा मावते, तिला पिस्टन वर गेल्यावर जेवढी जागा उरते तिनं भागायचं. येईल तो आकडा म्हणजे रेशो. समोर टेबलावर एका सिलिंडरचं डिझेल इंजिन उघडून ठेवलेलं होतं. त्याच्या माहितीपुस्तकात साडेसतरा असं छापलेलं होतं. तेच मी फळ्यावर लिहिलं आणि खाली ठसठशीत दोन रेघा ओढल्या.

मागं भिंतीपाशी खाकी कोट घातलेले, कपाळावर भस्माच्या तीन रेघा ओढलेले एक गृहस्थ उभे होते. ते आमच्या प्रयोगशाळेचे निदेशक, म्हणजे प्रात्यक्षिकं करून घेणारे, आहेत एवढं मला ठाऊक होतं. त्यांनी हात वर केला, तोही विद्यार्थ्यासारखा.

"म्याडम, हे पुस्तकातलं झालं. ह्या इंजनचं किती हाय?"

मी म्हटलं, "तेच. साडेसतरा."

"मापलाव का?"

वर्गात खसखस पिकली. मी मापलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर चार वर्षांच्या पदवीत मी एकही इंजिन मापलं नव्हतं. परीक्षेत सगळी मापं प्रश्नातच दिलेली असायची. माझे कान तापले. अप्पांनी ते पाहिलं असावं, कारण ते लगेच मुलांकडं वळून म्हणाले, "हसायला काय झालं? म्याडमचं नि माझं आधीच ठरलं होतं, मी असं इचारायचं म्हणून. या सगळे पुढं." आमचं काहीही ठरलेलं नव्हतं. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी इतक्या तत्परतेनं खोटं बोललं नव्हतं, आणि पुढं तीस वर्षांत अप्पांच्या तोंडून मी आणखी एकच खोटं ऐकलं, तेही माझ्यासाठीच.

मग त्यांनी ते इंजिन मापून दाखवलं. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव मोजणं सोपं असतं. खरी गंमत उरलेल्या जागेत असते. त्या जातीच्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर एक वाटी कोरलेली असते. हवा दाबली जाते ती मुख्यतः तिच्यात. वाटीचा आकार असा आडनिडा की कुठलीही पट्टी तिथं चालत नाही. अप्पांनी पिस्टनच्या कडेवर ग्रीसचं बोट फिरवलं, वर भोक पाडलेली काच बसवली आणि शेजारी स्टँडवर ब्युरेट उभी केली. ब्युरेट म्हणजे रसायनशास्त्राच्या प्रयोगात असते ती, रेघा आखलेली आणि खाली नळ असलेली उभी काचेची नळी. तिच्यात डिझेल भरलेलं होतं आणि ते स्पष्ट दिसावं म्हणून त्यात थोडं लाल तेल मिसळलेलं होतं. नळ सोडला, भोकातून थेंब थेंब डिझेल वाटीत उतरलं. काचेखाली हवेचा एक बुडबुडा अडकला होता. अप्पांनी काचेवर नखानं टकटक करून त्याला भोकापर्यंत हाकलत आणलं. "ह्याला राहू दिलं की तेवढं माप कमी येतं," ते म्हणाले. वाटी काठोकाठ भरली तेव्हा त्यांनी नळ बंद केला आणि ब्युरेटमधून किती डिझेल गेलं ते वाचलं.

हिशेब मांडला तर त्या इंजिनाचा रेशो सोळा पूर्णांक आठ निघाला. सिलिंडर एकदा बोअर करून आतून रुंद केलेला होता, पिस्टन बदललेला होता, पुस्तकाशी त्याचा संबंध केव्हाच तुटला होता. मी फळ्यावरचा साडेसतरा पुसला. त्याच्या खालच्या दोन रेघा अप्पांनी मला पुसू दिल्या नाहीत. म्हणाले, "राहू द्या, उपयोगी येतील."

अप्पा मूळचे उदगीरकडचे. घरची शेती, वडील आडतीवर मापाडी. त्यांनी शिक्षण पदविकेपर्यंत घेतलं आणि नोकरी नांदेडला केली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत ते त्या एकाच प्रयोगशाळेत होते. शिष्यांची संख्या मी मोजलेली नाही, आणि न मापता सांगितलं तर ते रागावतील. किनवट-इस्लापूरपासून देगलूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात अप्पांचं नाव काढलं की किमान चहा मिळतो, एवढं स्वानुभवानं सांगते.

त्यांच्या कामाची एक रीत होती आणि ती मी दुसरीकडं कुठंही पाहिली नाही. महत्त्वाचं माप तीन माणसांनी घ्यायचं. एकानं मापलं की ब्युरेट पुन्हा भरायची, काच पुसायची, नवं ग्रीस लावायचं आणि दुसऱ्यानं पहिल्यापासून सुरुवात करायची. आकडा तोंडानं सांगायचा नाही. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची आणि एका पत्र्याच्या डबीत टाकायची. तिघांचं झालं की डबी उघडायची. अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर तिघांनी पुन्हा मापायचं. फरक कमी असेल तर मधला आकडा घ्यायचा.

मी शिकलेली, त्यामुळं एकदा म्हणाले, "अप्पा, मधला कशाला? तिन्हींची सरासरी काढू."

"सरासरी काढलालाव?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मधला आकडा कुणीतरी डोळ्यानं बघितलेला असतो, म्याडम. सरासरी कुणीच बघितलेली नसते."

यावर संख्याशास्त्रात उत्तर आहे. ते मी त्यांना दिलं नाही, आणि अजूनही वर्गात मधलाच आकडा घेते.

एकदा बाहेरून तपासणी समिती आली. भिंतीवरच्या तक्त्यात आमच्या प्रत्येक इंजिनाचा अप्पांनी मापलेला रेशो लिहिलेला होता. समितीतल्या एका विद्वानांनी माहितीपुस्तक मागवलं आणि विचारलं की तुमचा आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळत का नाही. प्राचार्य घाईनं पुस्तकाची पानं उलटायला लागले. अप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, कंपनीनं हे इंजन शेवटचं बघितलं त्याला बावीस वर्षं झाली. आमी रोज बघतो." विद्वानांनी कोट काढला आणि स्वतः ब्युरेट धरली. समितीचं जेवण त्या दिवशी दीड तास उशिरा झालं.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचं तर एक प्रसंग पुरे. माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी मला सातवा महिना होता आणि प्रयोगशाळेतली इंजिनं जमिनीलगतच्या चौथऱ्यांवर बसवलेली. वाकणं जमेना, पण सांगायचं कुणाला? माझ्याशिवाय तिथं सगळे पुरुष. एका सोमवारी येऊन पाहते तर प्रात्यक्षिकाचं इंजिन दीड हात उंच लोखंडी घोडीवर चढलेलं. मी चकित होऊन पाहत राहिले तर अप्पा दुसरीकडंच बघत म्हणाले, "पोरांच्या कमरा दुखायल्यात म्हणत होते." वीस वर्षांच्या पोरांच्या कमरा! ती घोडी रविवारी येऊन त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवली होती, हे मला शिपायाकडून कळलं. मुलगी आता पुण्यात नोकरी करते आणि इंजिन अजून त्याच घोडीवर आहे.

निवृत्तीनंतर अप्पा लातूरला स्थायिक झाले. तिथं रऊफभाई म्हणून लेथचे जुने जाणकार आहेत. दोघांनी मिळून इंजिन दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप टाकलं. अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग, रऊफभाईंच्या डोक्यावर जाळीची टोपी, आणि दोघांचं दिवसभर भांडण एकाच गोष्टीवरून: पंखा कुणाच्या दिशेनं असावा. येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावस्येला, अप्पा जुन्या विद्यार्थ्यांना शेतात बोलावतात. कडब्याच्या खोपीत पूजा होते, मग भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी, बाजरीची भाकरी आणि माठातली आंबील. वाढताना अप्पांचा हात इतका नेमका की काकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती गंगाबाई, दरवर्षी सगळ्यांसमोर म्हणतात, "बघा, आंबील बी ब्युरेटनंच वाढायलेत." अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि त्या माणसाला आणखी एक पळी वाढतात.

इथवर मी अप्पांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या ह्या पुस्तकाच्या संपादकांच्या सूचनेबरहुकूम लिहिलं. त्यांच्या पत्रात स्पष्ट म्हटलं होतं की गौरवग्रंथ असल्यानं चुकांचा उल्लेख टाळावा. आता पुढचं लिहायचं की नाही यावर मी पंधरा दिवस घालवले. मी धर्माबादची, आमच्या घरी मिरचीचा व्यापार. गोड गोड लिहिणं मला फार वेळ जमत नाही. शिवाय ही चूक मुख्यतः माझी आहे. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "लिहा की. झालंय ते झालंय." म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. लोह्याजवळच्या एका खेड्यात गोदावरीबाई राहतात. घरची करडई, दारात आठ म्हशी, शेणाचा मोठा गोबरगॅस. त्यांनी करडईचं तेल काढायचा लाकडी घाणा बसवला होता. वीज कधी असायची, कधी नसायची, आणि घाणा अर्ध्यावर थांबला की तेल बिघडायचं. त्यांच्याकडं जुनं डिझेल इंजिन होतं. ते गोबरगॅसवर चालवून घाणा फिरवायचा असं त्यांनी ठरवलं आणि कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. मी म्हटलं, हे काम अप्पांचं. टेम्पोत इंजिन घालून आम्ही लातूरला गेलो.

काम असं होतं. डिझेल इंजिनात हवा फार दाबली जाते, रेशो सतराच्या वर. त्या दाबाखाली गॅस अवेळी भडकतो आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखे ठोके बसतात. म्हणून रेशो बारापर्यंत उतरवायचा. त्यासाठी पिस्टनच्या डोक्यावरची वाटी लेथवर कापून मोठी करायची. मूळ वाटी बत्तीस सीसीची. ती बावन्नच्या आसपास न्यायची होती. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं. जास्त कापलं तर डोक्याचा पत्रा पातळ होतो, आणि तो पातळ झालाय हे वरून कुणालाही दिसत नाही. तो फुटतो तो चालू इंजिनात, भर कामात. आणि ह्या इंजिनाच्या शेजारी दिवसभर उभ्या राहणार होत्या गोदावरीबाई.

रऊफभाई थोडं थोडं कापत होते आणि आम्ही मापत होतो. दुपारपर्यंत वाटी बरीच मोठी झाली. रऊफभाई म्हणाले, आता तिघांनी मापू या. गोदावरीबाई दाराशी स्टुलावर बसून सगळं बघत होत्या.

पहिलं माप अप्पांनी घेतलं. नेहमीसारखं: ग्रीस, काच, नखानं टकटक. मग ते ब्युरेटपुढं वाकले. बराच वेळ वाकून राहिले. चष्मा वर केला, खाली केला, मान तिरपी केली. आणि मग जे पूर्वी कधीच घडलं नव्हतं ते घडलं. चिठ्ठी हातात घ्यायच्या आधी अप्पा मोठ्यानं म्हणाले, "सत्तेचाळीस."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते आणि ब्युरेट मलाही दिसत होती. तिथं पन्नासची एक जाड रेघ आहे. ब्युरेटवरचे आकडे वरून खाली वाढत जातात. तेल त्या जाड रेघेच्या तीन घरं खाली होतं, म्हणजे त्रेपन्न. अप्पांना जाड रेघ दिसली होती, तिच्यापासूनची तीन घरंही दिसली होती. तेल रेघेच्या वर आहे की खाली, तेवढंच दिसलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. काकू दोन वर्षांपासून मागं लागल्या होत्या आणि ते "बघू, बघू" करत होते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी पाळी आली. मी नीट मापलं. त्रेपन्न. पुन्हा पाहिलं, त्रेपन्नच. चिठ्ठी समोर होती, पेन्सिल हातात होती. ज्या माणसानं मला मापायला शिकवलं, ज्यानं पहिल्या दिवशी भर वर्गात माझी लाज राखली, त्यांचा आकडा सहा सीसीनं चुकलाय हे मी त्यांच्याच वर्कशॉपात, एका परक्या बाईसमोर कसं सांगू? मनात म्हटलं, आत्ता नको. नंतर एकटे असताना सांगू. रऊफभाई खरा आकडा लिहितील, मग आपोआप पुन्हा मापावं लागेल, माझ्या तोंडानं सांगायची वेळ येणार नाही. असं म्हणत मी सत्तेचाळीस लिहिलं आणि घडी घातली. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

रऊफभाईंनीही मापलं, लिहिलं, डबीत टाकलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

अप्पांनी डबी उघडली आणि चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. रऊफभाई सवयीनं लेथकडं निघाले. आणखी पाच सीसी कापायचं होतं ना! त्यांनी पिस्टन उचललासुद्धा. आता बोलायलाच हवं होतं, आणि मी नुसती ब्युरेटचा नळ पुसत राहिले.

"थांबा," अप्पा म्हणाले. ते चिठ्ठ्यांकडंच पाहत होते. चिठ्ठ्यांवरचे मोठे आकडे त्यांना नीट दिसत होते. "रऊफ, पिस्टन खाली ठेव."

रऊफभाईंनी ठेवला.

"माझ्या हयातीत तीन चिठ्ठ्या अशा एकसारख्या कधी निघाल्या न्हाईत. दोन-चार दशांश मागंपुढं व्हतंच. तीन माणसं, तीन हात, फरक पडायलाच पाहिजे." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "म्याडम, तुमाला किती दिसलं?"

"त्रेपन्न," मी म्हणाले.

"रऊफ?"

"मेरेकू साडेबावन दिख्या, अप्पा," रऊफभाई टोपी काढून हातात घेत म्हणाले. "तुम्ही बोलल्यावर मी काय लिहू?"

अप्पा खुर्चीत बसले. पंखा त्या वेळी रऊफभाईंच्या दिशेनं होता. रऊफभाईंनी तो मुकाट्यानं अप्पांकडं वळवला. मग अप्पा हळू आवाजात म्हणाले, "डोळे चाललेत ते मला कळायलंय. आकडा मोठ्यानं बोललो तो त्याच्यासाठीच. वाटलं, चुकला असंल तर कुणीतरी म्हणंल. डोळे गेले तर माणूस तुमच्यासारख्यांच्या डोळ्यानं बघतो. तुमीच असं केलाव तर मी कुणाकडं बघू?"

मी रडले. पन्नाशी गाठलेली बाई, विभागप्रमुख, लेथच्या किसावर उभी राहून पदरानं डोळे पुसत होते. अप्पांची माफी मागायला गेले तर ते म्हणाले, "माझी कशाला? हितं मागा," आणि त्यांनी गोदावरीबाईंकडं बोट दाखवलं.

गोदावरीबाईंना आकड्यांतलं काही कळलं नव्हतं; पण काय होऊ घातलं होतं ते बरोबर कळलं होतं. त्या उठून आल्या, पिस्टन हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा केला, वाटीत अंगठा घालून बघितला आणि म्हणाल्या, "चुकलं ते हितंच चुकलं ना, बाई? माझ्या घाण्यावर तर न्हाई चुकलं. मंग रडायचं काय त्यात? चहा सांगा सगळ्यांना."

चहा झाल्यावर आम्ही पुन्हा मापलं. ह्या वेळी तिसरं माप अप्पांच्या जागी गोदावरीबाईंनी घेतलं. रेघा कशा मोजायच्या ते अप्पांनी त्यांना शिकवलं आणि त्यांनी मान अजिबात न हलवता, जीभ दातात धरून वाचलं. त्रेपन्न, बावन्न पूर्णांक आठ, त्रेपन्न पूर्णांक एक. मधला त्रेपन्न. वरच्या झाकणाखाली बसणाऱ्या सीलच्या जाडीची जागा धरून रेशो बाराला जरासा कमी निघाला. कापायचं काही उरलंच नव्हतं.

इंजिन त्या हंगामात करडईच्या घाण्यावर चालू लागलं आणि अजून चालतं. मधे एकदा गॅसची नळी तुंबली तेवढीच तक्रार. गोदावरीबाईंचं तेल दरवर्षी येळवशीला अप्पांच्या शेतात येतं आणि भज्जीवर पडतं.

अप्पांनी महिन्याच्या आत लातूरलाच दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, एक आधी, एक नंतर. पट्टी निघाल्यावर मी भेटायला गेले तर काळा चष्मा लावून पलंगावर बसलेले, आणि चेहऱ्यावर कमालीचा मिस्किलपणा. मला म्हणाले, "म्याडम, तुमच्या काकू एवढ्या म्हाताऱ्या कधी झाल्या हो? मला कुणी सांगितलंच न्हाई." काकू दारातूनच म्हणाल्या, "थांबा, तुमाला आरसा आणून देते." त्यानंतर आठवडाभर अप्पांनी घरातली प्रत्येक लिहिलेली गोष्ट मोठ्यानं वाचली, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसकट. काकू म्हणत होत्या, डोळे नव्हते तेच बरं होतं.

त्या दुपारनंतर मी एक गोष्ट ठरवली आहे. अप्पांना काही चुकीचं दिसलं, चुकीचं आठवलं, की मी तिथल्या तिथं सांगते. सुरुवातीला जीभ अडखळायची. आता सवय झाली. विद्यार्थ्यांनाही मी मापायला शिकवते तेव्हा ग्रीस आणि काचेच्या आधी हेच शिकवते, की समोर कुणीही असो, दिसलं तेच लिहायचं. त्यासाठी माझीच चिठ्ठी उदाहरण म्हणून सांगते. मुलं मनापासून हसतात, आणि मग आपापली चिठ्ठी हातानं झाकून लिहितात.

परवा ह्या लेखाच्या निमित्तानं लातूरला गेले होते. एका ट्रॅक्टरचा पिस्टन आला होता. अप्पांनी काच बसवली, ब्युरेटच्या नळाला हात घातला आणि मग हात तसाच ठेवून थांबले.

"म्याडम, खरं सांगा. माझा हात कापलालाय का?"

रऊफभाई लेथवरून माझ्याकडं बघायला लागले. पंच्याहत्तरीच्या तोंडावर आलेल्या माणसाला, सत्काराच्या आमंत्रणपत्रिका टेबलावर पडलेल्या असताना, काय उत्तर द्यायचं? मी पाहिलं. नळावरची बोटं थरथरत होती आणि थेंब एकसारखे पडत नव्हते.

"हो, अप्पा," मी म्हणाले. "कापतोय. बराच कापतोय."

त्यांचा चेहरा इतका खुलला की मला आधी समजेचना. त्यांनी हात काढून घेतला, कोटाला पुसला आणि मला नळाजवळ सरकवलं.

विरूपाक्षअप्पांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती उत्तम राहो, काकूंची आणि त्यांची तक्रारींची जोडी अशीच टिको, येळवशीच्या खोपीत आम्हाला त्यांच्या हातची आणखी कित्येक वर्षं जास्तीची पळी मिळो. आणि जे घडत जाईल ते त्यांना खरं खरं सांगायची हिंमत आम्हा सगळ्यांना मिळो, कारण ते विचारायचे थांबणार नाहीत. त्या दिवशी मी नळ हातात घेतला तेव्हा ते ब्युरेटपुढं वाकले, नव्या डोळ्यांनी शून्याची रेघ नीट पाहून घेतली आणि म्हणाले, "हात तुमचा, डोळे माझे. सोडा सावकाश."